पूजेला बसलेलं मशीन

माझ्या सासूबाईंचा शेवटपर्यंत समज होता, की मी कॉम्प्युटरच्या एका दुकानात नोकरीला आहे आणि तो दुकानदार मला घडीभर बसू देत नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी सकाळी नांदेडच्या घरातून निघायची, ती कधी मोंढ्यातल्या अडतीवर, कधी अर्धापूरला केळीच्या गोदामात, कधी थेट लातूरला जायची आणि दिवस मावळताना साडीला धूळ माखून परत यायची. "काय केलंस दिवसभर?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "एका वायरीचं टोक सापडत नव्हतं, ते शोधलं." मग त्या माझ्या नवऱ्याकडे बघायच्या आणि नवरा पेपरात डोकं खुपसायचा.

तर माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. सर्व्हर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा मजकूर गाळून वाचावा. गाळणारे बहुतेक तेच असतात ज्यांना ते नीट ठाऊक नसतं, हे मी अनुभवाने सांगते. दवाखान्यात, दुकानात, क्लासमध्ये टेबलाटेबलावर जे कॉम्प्युटर दिसतात, ते स्वतःजवळ फारसं काही ठेवत नाहीत. सगळ्या नोंदी एका मोठ्या मशीनमध्ये असतात आणि बाकीचे त्याला वायरीतून सारखं विचारत राहतात. ते मोठं मशीन म्हणजे सर्व्हर. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर लागायचा. पुढे असं सॉफ्टवेअर आलं, की एकाच मशीनच्या पोटात तीन-चार सर्व्हर सुखाने राहू लागले.

गिऱ्हाइकांना मी हे घराच्या भाषेत समजावते. मशीन म्हणजे घर. ते सॉफ्टवेअर म्हणजे घरमालक आणि आतले सर्व्हर म्हणजे भाडेकरू. प्रत्येक भाडेकरूला वाटतं, की अख्खं घर आपलंच आहे. त्याला तसं वाटू देणं हेच घरमालकाचं कसब. रस्त्याकडे उघडणारं दार मात्र सगळ्यांत मिळून एकच. घरमालकाची नवी आवृत्ती घातली, ज्याला अपग्रेड म्हणतात, की कधी कधी ते दार लागून जातं. आत सगळे खुशाल असतात, आपापसात गप्पा मारत असतात. बाहेरच्यांना मात्र वाटतं, की घर ओस पडलं. मग मला बोलावणं येतं.

या धंद्यात कौतुक कमी. नळाला पाणी आलं म्हणून कुणी नगरपालिकेचे आभार मानत नाही, तसं आमचं. सगळं सुरळीत चालू असलं की लोक म्हणतात, मॅडम करतात तरी काय. बंद पडलं की म्हणतात, मॅडम करून काय राहिल्या. मोंढ्यातल्या एका शेटजींना तर कुठल्याही बिघाडाला एकच नाव ठाऊक होतं. प्रिंटरमधला कागद संपला, वीज गेली, माउस टेबलाखाली पडला, काहीही झालं तरी त्यांचा फोन यायचा, "मॅडम, इंटरनेट मेलं." सुरुवातीला मी समजावून बघितलं. मग मीच विचारू लागले, "आज कशानं मेलं?"

लातूरच्या एका क्लासच्या संचालकांनी सर्व्हर स्वतःच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवला होता. चौकशीला येणाऱ्या पालकांना आतले दिवे लुकलुकताना दिसले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. उन्हाळ्याच्या सुट्टीत परीक्षा नसत, मशीनला काम नसे, त्यामुळे दिवे शांत असत. नेमके तेच दिवस प्रवेशाचे. तेव्हा त्यांचा फोन यायचा, "मॅडम, दिवे मंदावलेत. पालकांवर छाप पडून नाही राहिली." मी एक छोटी व्यवस्था करून दिली, की मशीन रिकामं असलं तरी स्वतःशीच गप्पा मारत राहील. दिवे पुन्हा लुकलुकू लागले. माझ्या सगळ्या कामांत लोकांनी सर्वांत जास्त नावाजलेलं काम हेच. अर्धापूरचे केळीवाले तर दर दुरुस्तीनंतर घड पाठवायचे. आमच्या गल्लीत शेजारीपाजारी केळी बघून ओळखायचे, की अर्धापूरचं मशीन परत बंद पडलं होतं.

आता हे दिवस सरत आले आहेत. बऱ्याच जणांनी सर्व्हर दूर कुठल्या तरी शहरात भाड्याने घेतले आहेत. बिघडलं की तिकडून एक गोड आवाज येतो आणि तुमची तक्रार नोंदवली आहे असं सांगतो. मला त्याचं वाईट वाटतं. मशीनपेक्षा ती माणसं सुटली याचं जास्त. म्हणून ज्या एका कामाची आठवण आली की मी आजही एकटीच हसते, ते इथे सांगून टाकते.

लातूरचा एक कान-नाक-घशाचा दवाखाना माझं जुनं गिऱ्हाईक. तिथले डॉक्टर कमी बोलणारे. त्यांच्या आई मात्र दोघांचं बोलून घेणाऱ्या. सगळा दवाखाना त्यांना अक्का म्हणतो. माहेर उदगीरकडचं, वय ऐंशीच्या घरात, पण रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसणार आणि कुठे कोळिष्टक दिसलं की संबंधिताची खरडपट्टी काढणार. तिसरे बालाजीराव. हुद्द्याने मॅनेजर, पण जनरेटरपासून पाण्याच्या टँकरपर्यंत आणि माझ्या सर्व्हरपर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर.

या दवाखान्यात जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लेकरांची ऑपरेशनं होतात. कानात आतपर्यंत एक छोटं यंत्र बसवतात. पण ऑपरेशन झालं म्हणजे लगेच ऐकू येतं असं नाही. जखम भरली की काही आठवड्यांनी ते यंत्र कॉम्प्युटरला जोडून पहिल्यांदा सुरू करतात. त्या दिवशी लेकरू पहिला आवाज ऐकतं. हे काम करायला पद्मा मॅडम हैदराबादहून ठरावीक दिवशी यायच्या.

त्या वेळी गौरीची पाळी होती. नायगावकडच्या एका खेड्यातली तीन वर्षांची पोरगी. बाप दत्ता टेम्पो चालवायचा. पद्मा मॅडमनी त्याला नवमी आणि दसरा असे दोन दिवस दिले, तर त्याने दसरा धरून ठेवला. चांगल्या दिवशी लेकीच्या कानात आवाज पडावा, एवढंच त्याचं म्हणणं. पद्मा मॅडमच्या घरीही दसरा मोठा. तरी त्या हो म्हणाल्या, फक्त दुपारी निघायलाच हवं या अटीवर.

अडचण एकच होती. गौरीच्या यंत्राचं नवं सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरमधल्या जुन्या घरमालकावर चालत नव्हतं. त्याची नवी आवृत्ती घालणं भाग होतं. खंडेनवमीला दवाखान्याची ओपीडी बंद असते, म्हणून मी तो दिवस निवडला. काम नांदेडहून घरबसल्या होणार होतं. सगळी तयारी झाली तेव्हा मी बालाजीरावांना फोन करून सांगितलं, "आता मशीन थोडा वेळ बंद राहील. घाबरू नका आणि मला फोन करू नका. काम झालं की मीच करते."

"हाव मॅडम, बिनघोर करा," ते म्हणाले.

नवी आवृत्ती गेली. मशीन बंद होऊन परत सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट मी थांबले. मग हाक मारून बघितली. आम्ही याला पिंग म्हणतो. म्हणजे दाराची कडी वाजवायची आणि आतून "कोण?" असं विचारतात का ते ऐकायचं. आतून कुणी विचारेना. भाडेकरूंपैकीही एकाने ओ दिली नाही. मी परत परत कडी वाजवली. माझ्या नवऱ्याने चहाचा कप आणून ठेवला आणि माझा चेहरा बघून आल्या पावली निघून गेला.

बालाजीरावांना फोन लावला. त्यांनी व्हिडिओवर मशीन दाखवलं. कपाळावर हळद-कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात रांगोळी आणि नारळ. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, डॉक्टरांच्या सुऱ्या, तसा आमचा सर्व्हर. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, पण माणसं ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा हार घालतात, हे मला मनापासून आवडतं. त्यामुळे हार बघून मला काही वाटलं नाही.

"बालाजीराव, मशीनला कुणी हात लावला होता का?"

"न्हाई मॅडम. आज कोण हात लावतंय? पूजेला बसवलंय."

"मागचे वायरींचे दिवे लागलेत?"

त्यांनी टेबलावरून वाकून फोन मागे धरला. दोन वायरी, दोन्हींच्या टोकाला हिरवे दिवे. म्हणजे वायरी ठीक. मग दोष कुणाचा? अपग्रेडचा. या धंद्यात कुणीही हेच म्हणालं असतं. नवी आवृत्ती घातल्यावर वायरीची जुनी खोबण घरमालकाला ओळखू येईनाशी होते, असं पूर्वी झालेलं मी पाहिलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, ऑपरेशनच्या वेळी घेतलेली गौरीच्या कानाची मापं सर्व्हरवर आहेत. त्यांच्याशिवाय पद्मा मॅडम यंत्र सुरू करणार नाहीत. आवाज किती सोसेल ते त्याच्यावरून ठरतं. उद्या राहिलं तर मग दिवाळीनंतर. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. आईबाप आजच मुक्कामाला आलेत. मी त्यांना काय सांगू?"

डॉक्टर एका दमात एवढं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. मापांची दुसरी प्रत मशीनशेजारी दुसऱ्या वायरीने जोडलेल्या साठवणीच्या एका पेटीत होती, पण त्या पेटीकडे जायची वाटही या घरातूनच होती. मी म्हटलं, "काही सांगू नका. मी सकाळी येते."

दसरा आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. संध्याकाळी विहारात वंदना असते आणि पांढरी साडी असते. परत यायला वेळ झाला तर घरी जाऊन बदलायला नको, म्हणून मी ती कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसूनच गाडीत बसले. नवरा म्हणाला, "मशीनच्या मागं शिरणार आहेस ना? मग ही साडी?" मी म्हटलं, "मशीनच्या मागं काही नाही. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये आहे." इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता त्या सकाळी नटलेला होता. ट्रॅक्टरच्या नाकाला झेंडूचे हार, जीपच्या काचेवर कुंकवाची बोटं, फाट्याफाट्यावर आपट्याच्या फांद्या घेऊन बसलेल्या बाया. मी मनातल्या मनात जुनी आवृत्ती परत घालून नवी पहिल्यापासून चढवायचा बेत जुळवत होते. त्याला निम्मा दिवस तरी लागला असता आणि पद्मा मॅडम दुपारी निघणार होत्या. हिशेब कसाही मांडला तरी जमत नव्हता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गौरी आईच्या मांडीवर बसली होती. कानामागचे केस भादरलेले, अंगात नवा कोरा झगा. मी पायऱ्या चढले तशी ती उठली आणि माझा पांढरा पदर मुठीत धरून बघू लागली. तिची आई सुरेखा धावत आली. तिने लेकीच्या खांद्याला हात लावून तिला आधी आपल्याकडे वळवलं, मग बोटाने नाही म्हणून खुणावलं. माय-लेकीचं सगळं बोलणं असं हातांनी चाले. मग सुरेखा माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आज व्हईल ना? डॉक्टरसायेब काईच बोलून नाई राह्यले."

गिऱ्हाइकाला कधी शब्द द्यायचा नाही, हा माझा नियम. बघते, प्रयत्न करते, इतकंच म्हणायचं. त्या दिवशी मी म्हणाले, "होईल." आणि लगेच मला घाम फुटला.

मशीनच्या खोलीत उदबत्तीचा वास कोंडला होता. की-बोर्डवरही कुंकू वाहिलं होतं, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत माझी दहाही बोटं लाल झाली. स्क्रीनवर आतलं सगळं दिसत होतं. घरमालक जागा, भाडेकरू जागे, एकमेकांशी बोलत होते. रस्त्याचं दार उघडं असल्याचं स्क्रीन सांगत होता. शेजारच्या पेटीचं दारही उघडं असल्याचं सांगत होता. पण रस्त्यावर हाक मारली तर उत्तर नाही आणि पेटीला हाक मारली तर तीही गप्प. दोन्ही वाटा एकदम गेल्या म्हणजे नव्या आवृत्तीचाच घोळ, हे माझं मत आणखी पक्कं झालं. मला माहीत होते नव्हते ते सगळे उपाय मी करून बघितले. दारातून पद्मा मॅडम दोनदा डोकावून गेल्या. दोन्ही वेळा मनगटावरच्या घड्याळाला हात लावून गेल्या.

शेवटी जुनी आवृत्ती घालायची तर त्याआधी एक साधी तपासणी करायची असते. एक वायर उपसायची आणि स्क्रीनवर कुठलं दार बंद झालं ते बघायचं. त्यासाठी मशीन भिंतीपासून पुढे ओढायला हवं होतं. मी हात घातला तर बालाजीराव आडवे आले.

"मॅडम, ते न्हाई हलवता येणार. नवमीला बसवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होऊन संध्याकाळी सीमोल्लंघन झाल्यावरच उचलतेत."

"बालाजीराव, संध्याकाळी पद्मा मॅडम हैदराबादला असतील."

"मला कळतंय हो. पण अक्कांनी स्वतः बसवलंय. म्या कसं हलवू?"

त्यांचा चेहरा इतका पडला होता, की माझा राग निघून गेला. मी म्हटलं, अक्कांनाच बोलवा. अक्का काठी टेकत आल्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की मशीन पुढे ओढल्याशिवाय मला पुढचं काम करता येत नाही आणि ते आत्ताच करावं लागेल. त्यांनी माझी लाल बोटं बघितली, मग हार घातलेल्या मशीनकडे बघितलं.

"बालाजी, कशापायी अडवून धरलास रे?" त्या म्हणाल्या. "हत्यार कामाला लागावं म्हणून तर पूजा. तिकडं लेकरू खोळंबलंय." त्यांनी अक्षता वाहिल्या, हात जोडले, पुटपुटत काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच मशीनला हात घालून ते जरासं हलवलं. "झालं उत्तरपूजन. ओढा आता."

बालाजीरावांनी नारळ बाजूला घेतला आणि टेबल ओढलं. मी पदर खोचला आणि भिंत व टेबलाच्या फटीत शिरले. मोबाइलचा दिवा मशीनच्या पाठीवर धरला आणि तशीच थांबले.

मशीनची पाठ लखलखत होती. मी किती मशीनच्या पाठी पाहिल्या याची गणती नाही, पण इतकी स्वच्छ पाठ कधी पाहिली नव्हती. धुळीचा कण नाही. जाळीत कापूस गेल्यासारखी जी पुटं साठतात ती नाहीत. वायरी तर नुकत्या न्हाऊ घातल्यासारख्या. आणि दोन्ही वायरींच्या टोकांना, दोन्ही खोबणींच्या वर मी स्वतःच्या हाताने चिकटवलेल्या पट्ट्या, एकीवर रस्ता आणि एकीवर पेटी असं लिहिलेल्या, त्या कुठेच नव्हत्या.

मी फटीतूनच विचारलं, "अक्का, हे मागून कुणी पुसलं?"

"मीच की," अक्का अभिमानाने म्हणाल्या. "एरवी ते मशीन सदा चालूच. काल बालाजी म्हणाला, मॅडमनी बंद केलंय घडीभर. म्हटलं आताच पुसून घ्यावं. तसल्या मळक्या अंगाची पूजा करतेत का?"

"आणि वायरी?"

"काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, वाळवल्या, परत जिथल्या तिथं लावल्या."

"वायरींवर पट्ट्या होत्या."

"त्या चिकटपट्ट्या? लई मळल्या होत्या बाई. खरवडून काढल्या. रॉकेल लावावं लागलं."

मी बालाजीरावांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत चालले होते. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरच्या कामाचं विचारून राहिल्या होत्या. हे तर पूजेचं काम झालं. मला वाटलं, हे काय सांगायचं."

दोन वायरी एकाच रंगाच्या. दोन खोबणी एकसारख्या. रस्त्याची वायर पेटीच्या खोबणीत गेली होती आणि पेटीची रस्त्याच्या. घरमालक बिचारा कालपासून पेटीकडचं दार उघडून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारत होता. दोन्हीकडे वायर होती, म्हणून दिवे हिरवे होते. नवी आवृत्ती पहिल्या मिनिटापासून उत्तम चालू होती आणि मी तिला नांदेडपासून लातूरपर्यंत शिव्या देत आले होते.

मला हसू फुटलं. भिंत आणि टेबल यांच्यामध्ये, उदबत्तीच्या धुरात, मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. अक्का घाबरल्या. "माझ्यानं काही झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"हाव अक्का, तुमच्यामुळंच झालं," मी म्हटलं. "पण इतकं देखणं मशीन अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल."

"मग पुढच्या साली पुसताना तू हजर राहा," असं म्हणून अक्कांनी विषय संपवला. आजतागायत दर खंडेनवमीला मी तिथे हजर असते. त्या पुसतात आणि मी वायरी धरून उभी राहते.

मी वायरींची अदलाबदल केली आणि पुढे येऊन कडी वाजवली. आतून "कोण?" असं आलं. मग एकेक भाडेकरू ओ देऊ लागला. बाहेर काउंटरवरच्या मुलीने ओरडून सांगितलं, की तिच्या कॉम्प्युटरवर सगळं दिसू लागलंय. बालाजीरावांनी बाजूला घेतलेला नारळ तिथेच फोडला. मी बाहेर आले तेव्हा माझी पांढरी साडी गुडघ्यापासून खाली हळदी-कुंकवाने रंगली होती आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत पद्मा मॅडमच्या स्क्रीनवर गौरीचं नाव उमटलं आणि खाली मापं आली. माझं काम संपलं होतं. मी निघणार तर डॉक्टर म्हणाले, "थांबा मॅडम. बघून जा." इतकी वर्षं त्यांच्याकडे येत होते, पण माझ्या वायरीतून पलीकडे काय जातं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी दाराशी, काठी टेकत वर आलेल्या अक्कांशेजारी उभी राहिले.

पद्मा मॅडमनी गौरीच्या कानामागे बाहेरचा छोटा भाग लावला आणि त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली. मग सुरेखाला त्यांच्या हैदराबादी बोलीत म्हणाल्या, "अम्मा, बच्ची घाबरेल. रोएगी भी. रडली तर खुश व्हायचं, समझे? मतलब आवाज गेला." सुरेखाने मान हलवली. दत्ताने शूटिंग करायला मोबाइल वर धरला होता.

गौरी एका खुंटीत रंगीत कड्या अडकवत बसली होती. पद्मा मॅडमनी एक बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी आवाज थोडा वाढवला आणि परत दाबलं. गौरीचा हात मधेच थांबला. तिने हातातल्या कडीकडे बघितलं, मग खुंटीकडे, जणू त्या दोघींनीच काहीतरी केलंय. तिने कडी खुंटीत टाकली आणि वाट बघितली. पद्मा मॅडमनी परत बटण दाबलं. गौरीने घाईघाईने दुसरी कडी उचलली. दत्ताच्या हातातला मोबाइल केव्हाच खाली आला होता. मलाही रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

बराच वेळ असा खेळ चालला. मग पद्मा मॅडमनी यंत्राला सगळे आवाज खुले केले. डोक्यावर पंखा फिरत होता, कुणाची तरी खुर्ची करकरली. गौरीचा ओठ थरथरला आणि ती धावत जाऊन आईच्या मांडीवर चढली.

"अम्मा, आता बोला," पद्मा मॅडम हळूच म्हणाल्या.

सुरेखाने नवऱ्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. तीन वर्षं ती या लेकीशी फक्त हातांनी बोलली होती. तिचे हात वर आले आणि पुन्हा खाली गेले.

"काय बोलू?" ती म्हणाली.

गौरीने वर बघितलं. आधी नेहमीसारखं आईच्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे. तिने बोट पुढे करून आईच्या ओठांवर टेकवलं.

"काय बोलू गं?" सुरेखा म्हणाली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ती हसत होती. "काय बोलू मी तुला?"

गौरीने बोट काढून घेतलं आणि पुढचं ऐकायला आईच्या तोंडाकडे बघत बसली.